वाचकांचे प्रश्न : आरसा आणि विनोद

प्रश्न : ‘आय फील प्रिटी’ या चित्रपटातील नायिकेला डोक्याला मार लागल्यावरच स्वतःचे रूप आवडू लागते. भरल्या अंगाची स्त्री आत्मविश्वासाने वावरते एवढ्यावरच हसायचे असेल, तर ते हसणे तिच्या देहालाच नव्हे का? शिवाय चौदा वर्षांच्या मुलीबरोबर हा चित्रपट पाहावा का?

उत्तर : २०१८ मध्ये या चित्रपटाची झलक प्रसिद्ध झाली, तेव्हा हाच आक्षेप अनेकांनी घेतला होता आणि नुसती झलक पाहिली तर तो रास्तही वाटतो. मात्र अॅबी कोन आणि मार्क सिल्व्हरस्टीन या लेखक-दिग्दर्शकांनी एक पथ्य अखेरपर्यंत पाळले आहे. व्यायामवर्गातील सायकलवरून पडलेल्या रेनेला (एमी शूमर) आपण अप्रतिम सुंदर झालो आहोत असे वाटू लागते. पण तिला आरशात काय दिसते, हे कॅमेरा आपल्याला एकदाही दाखवत नाही. २००१ च्या ‘शॅलो हॅल’ या चित्रपटात स्थूल नायिका नायकाला सडपातळ दिसते, आणि त्याच्या नजरेला दिसणारी ती सडपातळ ग्वेनेथ पॅल्ट्रो प्रेक्षकांनाही दाखवली जाते, म्हणजे नायिका आवडण्यासाठी आपल्यालाही सडपातळ देहाचीच सोय करून दिली जाते. येथे ती सोय नाही. रेने तीच आहे, कपडेही जवळपास तसेच आहेत, आणि समोरची माणसे गोंधळतात ती तिच्या देहामुळे नव्हे, तर अशा देहाच्या बाईने संकोचानेच वागावे ही त्यांची अपेक्षा मोडल्यामुळे. विनोदाचा रोख या अपेक्षेवर असतो तेव्हा चित्रपट खरोखर रंगतो.

तो रोख सर्वत्र टिकत नाही, हेही खरे. बिकिनी स्पर्धेच्या प्रसंगात आपण रेनेच्या बेधडकपणाला दाद देत आहोत की तिच्या पोटाला हसत आहोत, हे दिग्दर्शकांनीच ठरवलेले दिसत नाही. मला याहून खटकला तो शेवट. आपण कधी बदललोच नव्हतो, हा साक्षात्कार रेनेला होतो खरा. पण तो होतो ती नोकरी करते त्या कंपनीच्या सौंदर्यप्रसाधनांच्या नव्या, स्वस्त मालिकेच्या अनावरणाच्या मंचावर, आणि स्वतःवर प्रेम करा हे आवाहन त्याच मालिकेची जाहिरात होऊन बसते. ज्या उद्योगाची भरभराट स्त्रियांच्या असमाधानावर होते, त्याला इतक्या सहज माफ करायला नको होते. (मिशेल विल्यम्सने साकारलेली कंपनीप्रमुख, जिला आपल्या चिरक्या आवाजामुळे कोणी गांभीर्याने घेणार नाही अशी धास्ती असते, ती मात्र नायिकेपेक्षाही लक्षात राहते.)

मुलीबरोबर अवश्य पाहावा. अमेरिकेत याला ‘पीजी-१३’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे काही भाग तेरा वर्षांखालील मुलांसाठी योग्य नसू शकतो असा पालकांना इशारा. काही लैंगिक विनोद, थोडी अर्धनग्नता आणि सैल भाषा आहे, तेव्हा आपण आधी एकदा पाहिलेला बरा. रूपाचा गर्व चढलेली रेने जिवलग मैत्रिणींना कमी लेखते, त्या प्रसंगाविषयी मुलीचे मत जरूर विचारावे, कारण चित्रपट तेथून फार घाईने पुढे सरकतो.