पित्ताशय काढल्यावर खांदा का दुखतो?

प्रश्न : आईचं (वय ५८) पित्ताशय परवा दुर्बिणीतून काढलं. आता उजवा खांदा दुखतोय. पित्ताच्या नळीला इजा तर झाली नसेल? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : बहुधा हा गॅसचा त्रास. ऑपरेशनवेळी पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. त्याने श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा) चिडतं. त्याची नस मानेतून येत असल्याने दुखणं खांद्यावर जाणवतं. दोन-तीन दिवसांत ओसरतं, थोडं चालल्याने बरं वाटतं.

मुख्य पित्तनलिकेला (यकृतातलं पित्त आतड्याकडे नेणाऱ्या नळीला) इजा हजारात साधारण ३ ते ५ जणांना होते. सूज जास्त असली की पित्ताशयाची छोटी नळी समजून मुख्य नळीच कापली जाऊ शकते. म्हणूनच सर्जनने मध्येच पोट उघडायचं ठरवलं, तर ते शहाणपणच. (नातेवाईक उगाच नाराज होतात.)

ताप, वाढती पोटदुखी, पोटफुगी, सतत उलट्या, पिवळे डोळे, गडद लघवी किंवा पांढुरकी शौच दिसली, तर फेरतपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सर्जनला दाखवा. बिलिरुबिन (काविळीसाठीची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफीपासून तपास सुरू होतो, गरजेनुसार एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय). नळीत खडा राहिला असेल तर तो बहुतेकदा ईआरसीपीने (तोंडावाटे दुर्बीण घालून), पुन्हा पोट न उघडता निघतो.

तेलकट खाल्ल्यावर पातळ शौच काही आठवडे होऊ शकते. वरण-भातावर तुपाची धार सध्या जपून.