जळगावहून मुलांना जवळच्या वॉटर पार्कला न्यावं की थेट खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला?

मुलं लहान असतील तर जवळचंच. मी दोन्ही केलंय. इमॅजिका चारशेएक किलोमीटर, म्हणजे एक रात्र प्रवासात आणि एक मुक्कामात जाते. शिवाय मोठ्या रोलर कोस्टरला उंचीची अट. माझी सहा वर्षांची पोर मोजपट्टीला टाचा उंच करून उभी राहिली, तरी परत पाठवली. रडू आवरेना तिचं. आपल्याकडे सकाळी निघा, दिवसभर पाण्यात डुंबा, संध्याकाळी घरी भरीत-भाकरी. फक्त मे महिन्यात दुपारी फरशी अशी तापते की पाय भाजतात, चपला हाताशी ठेवा.

पोरं दहावी-बारावीची असतील तर मात्र इमॅजिकाच. तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरमध्ये पायाखाली फळीच नसते. तो थरार खानदेशात नाही.