तीन वर्षांची परदेशी बदली आणि नववीत जाणारी मुलगी

बाबा नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत. तीन वर्षांसाठी जर्मनीत श्टुटगार्टजवळ बदली झालेली. मुलगी सीबीएसईतून आठवी संपवून नववीत जाणार, मुलगा तिसरीत. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आई-बाबा माझ्याकडे सल्ला घ्यायला आले ते शाळांची यादी घेऊनच. प्रश्न नेहमीचाच: यातली सगळ्यात चांगली इंटरनॅशनल शाळा कोणती?

यादी बाजूला ठेवून आधी कागदावर परतीचं वर्ष लिहायला सांगितलं आणि तिथून मागे मोजत आलो. मुलीची नववी, दहावी, अकरावी तिकडे आणि बारावीला नाशिक. आई म्हणाल्या, "मॅडम, हा हिशोब आम्ही केलाच नव्हता."

अडचण इथेच असते. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय बोर्डाचा डिप्लोमा हा अकरावी-बारावीचा दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे. एका वर्षानंतर उठलं तर डिप्लोमा हातात येत नाही आणि इथे थेट बारावीत प्रवेश मिळणं फार अवघड. म्हणजे शाळा कितीही उत्तम असली तरी तीन वर्षं हा या मुलीसाठी सर्वांत वाईट आकडा होता. दोन वर्षं चालतील, चार चालतील.

दोन वर्षांनी दहावी करून परतायचं, तर शाळेला पहिला प्रश्न असा: दहावीला बाह्य, म्हणजे शाळेबाहेरच्या बोर्डाची, परीक्षा आहे का? आयबीच्या एमवायपीत, म्हणजे दहावीपर्यंतच्या टप्प्यात, ती ऐच्छिक असते. काही शाळा घेतच नाहीत, आणि मग मुलाकडे फक्त शाळेचं प्रगतिपत्रक उरतं. त्यावर अकरावीचा प्रवेश अडतो. केंब्रिज बोर्डाची दहावीच्या पातळीची परीक्षा, आयजीसीएसई, असेल तर गणित वरच्या पातळीचं, 'एक्स्टेंडेड'च घ्यावं. खालच्या पातळीच्या 'कोअर'मध्ये सी च्या वरची श्रेणी मिळतच नाही. शिवाय मे-जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो आणि आपली अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. नाशिकच्या मागणी असलेल्या कॉलेजांत तोवर सायन्सच्या जागा उरतीलच असं नाही.

मुलीला डॉक्टर करायचं, असं बाबा म्हणाले. वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी (राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठीच्या जागांसाठी) दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. अपवाद मोजके आहेत. हे ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मुलीशी वेगळं बोलणं झालं. बायोलॉजी तिला मनापासून आवडते, पण डॉक्टरच व्हायचं असं तिने ठरवलेलं नाही. आठवीतल्या मुलीने ते ठरवायची गरजही नाही. मात्र कोणता रस्ता बंद होतोय हे तिकीट काढण्याआधी घरात सगळ्यांना माहीत असायला हवं, तिलाही.

मुलाचा प्रश्न सोपा होता. तिथल्या सरकारी शाळेत फी नाही, पण चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागणी होते. वर्षभराच्या कच्च्या जर्मनवर त्याला त्या टप्प्यावर उभं करण्यापेक्षा बहिणीचीच शाळा बरी. एक पथ्य मात्र सांगितलं: रोज अर्धा तास मराठी वाचन-लेखन. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रात पहिली ते दहावी सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, आणि तो परतेल तेव्हा सहावीत असेल किंवा सातवीत.

पैशांबाबत एकच आग्रह धरला. 'कंपनी फी भरते' एवढ्यावर थांबू नका. प्रवेश शुल्क, बस, इंग्रजीचे जादा तास, परीक्षा फी हे सगळं दोन्ही मुलांसाठी कंपनीच्या पत्रात लिहून घ्या. काम वर्षाच्या मध्येच संपलं तर शैक्षणिक वर्ष पुरं होईपर्यंतची फी कोण भरणार, हेही.

शेवटी घरात बोलून त्यांनी चार वर्षांचा पर्याय घेतला. राज्य कोटा सुटणार हे मुलीला समजावून, तिच्या होकारानेच. बाबांनी कंपनीकडून मुदत मुलीच्या डिप्लोमाच्या निकालापर्यंत, म्हणजे जुलैपर्यंत, लेखी वाढवून घेतली. मगच यादी पुन्हा उघडली. अकरावी-बारावीला बायोलॉजी आणि केमिस्ट्री दोन्ही हायर लेव्हलला (डिप्लोमातल्या वरच्या पातळीला) देणाऱ्या शाळा तेवढ्या ठेवल्या, बाकीच्यांवर काट मारली.