देवाचे पत्ते खेळायचे का?

प्रिय पिल्ला,

काल फोनवर तू विचारलेला प्रश्न मनात घोळतोय. आजीनं तुला सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाचे गोल पत्ते दाखवले आणि तू म्हणालीस, "बाबा, देवाच्या चित्रांनी पत्ते खेळले तर देव रागावत नाही का?"

नाही गं. कोकणातले देव नुसते देव्हाऱ्यात बसत नाहीत. दशावतारी नाटकात ते रात्रभर लढतात, नाचतात, आणि माणसं हातही जोडतात, टाळ्याही वाजवतात. पत्त्यांतही तेच.

खेळ आला इराणच्या वाटेनं. बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. मुघलांच्या जोडात ९६ पत्ते आणि आठ रंग असत. आपल्या लोकांनी त्यात दशावतार आणले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत, मिळून १२० पत्ते. तू पाहिलेले पाच मासे म्हणजे मत्स्याची पंजी!

तिघं बसतात, प्रत्येकी चाळीस पत्ते. हुकूम नसतो. राजा-वजिराच्या खालोखाल पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा, त्यामुळे कुठला पत्ता पडून गेला हे ध्यानात ठेवणाराच जिंकतो. मला सगळ्यात आवडतो तो पहिल्या उतारीचा नियम. दिवसा खेळायचं तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्यानं सुरुवात करायची, रात्री कृष्णाचा राजा असेल त्यानं. रामजन्म भर दुपारी, कृष्णजन्म मध्यरात्री, तेच यात आलंय असं मला वाटतं. देवाची याद ठेवूनच खेळतात, मग तो कशाला रागावेल?

छापील पत्ते स्वस्त झाले आणि हाताने रंगवलेले मागे पडले. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ही कला शिकून घेतली, राजवाड्यातच कारागीर बसवले, म्हणून तुला आज ते पत्ते दिसले. त्यांचे फार उपकार आहेत. पण हे पत्ते लोक आता फ्रेम करून भिंतीवर लावतात, याचं मला वाईट वाटतं. ते पिसायला, वाटायला, आपटायला केलेत.

तर आजीला सांग, एक जोड घ्यायचा. तिसरा भिडू म्हणून काकाला बसव. आणि रात्री खेळायला बसलात तर आधी कृष्णाचा राजा कुणाकडे आहे ते बघा.

तुझा,
बाबा