पाळी लांबली आहे, चाचणी निगेटिव्ह आली आहे. पुन्हा चाचणी कधी करावी?

तुमची पाळी कधी २७ दिवसांनी तर कधी ३४ दिवसांनी येते, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजता आज ३३ वा दिवस आहे, या महिन्यातला एकमेव संबंध १९ व्या दिवशी आला होता आणि ३० व्या दिवशी घरी केलेली चाचणी निगेटिव्ह आली. तेव्हा दिवस गेलेले नाहीत असे समजावे का, असे तुम्ही विचारले आहे. अजून तसे समजू नका. तुमच्या हातून काही चुकलेले नाही, चाचणी फक्त लवकर झाली.

‘पाळी लांबली’ आणि ‘पाळी चुकली’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पाळीची तारीख मागच्या पाळीपेक्षा त्या महिन्यात स्त्रीबीज केव्हा बाहेर पडले यावर अधिक अवलंबून असते. गर्भ राहिला नाही, तर स्त्रीबीज बाहेर पडल्यावर साधारण १२ ते १४ दिवसांनी पाळी येते आणि हा काळ बहुतेक स्त्रियांमध्ये दर महिन्याला जवळपास तेवढाच राहतो. मागेपुढे होतो तो त्याआधीचा काळ. आजारपण, मनावरचा मोठा ताण, झपाट्याने उतरलेले वजन किंवा अतिव्यायाम यांमुळे स्त्रीबीज उशिरा बाहेर पडते आणि पाळी तितकीच पुढे सरकते. म्हणजे आपल्याला लांबलेली वाटणारी पाळी त्या महिन्याच्या हिशेबाने पुष्कळदा वेळेवरच असते.

आता तुमचाच हिशेब पाहू. समजा स्त्रीबीज २० व्या दिवशी बाहेर पडले आणि गर्भधारणा झाली. गर्भ गर्भाशयात रुजायला त्यानंतर बहुधा आठ ते दहा दिवस लागतात, म्हणजे तो २८ ते ३० व्या दिवसाच्या सुमारास रुजेल. चाचणी ज्या एचसीजी संप्रेरकाचा शोध घेते, ते रुजल्यानंतरच शरीरात मोजण्याइतके तयार होऊ लागते. सुरुवातीला ते अत्यल्प असते आणि साधारण दोन ते तीन दिवसांत दुप्पट होत जाते. तुमची चाचणी नेमकी त्या पहिल्या दिवसांत पडली असण्याची शक्यता आहे. म्हणून पाळी अनियमित असेल, तर तारखेवरून न मोजता संबंधापासून २१ दिवस मोजावेत, हा नियम मला सर्वांत भरवशाचा वाटतो. तुमच्यासाठी तो ४० वा दिवस ठरतो. वाट पाहणे असह्य होत असेल, तर ३६ व्या दिवशी एकदा करून पाहा. पॉझिटिव्ह आली तर ती बहुतेक खरीच असते, पण निगेटिव्ह आली तर ४० व्या दिवशी पुन्हा करावीच लागेल.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते, कारण माझ्या दुसऱ्या गरोदरपणाच्या वेळी मी पाळीच्या ठरलेल्या तारखेलाच चाचणी केली, एकच रेघ पाहून निश्चिंत झाले आणि आठ दिवसांनी दुसरी रेघ ठळक उमटली. त्या महिन्याच्या सुरुवातीला मला चांगलाच ताप येऊन गेला होता. त्याचा पाळीशी संबंध असू शकतो, हे तोवर मला कोणी सांगितले नव्हते.

चाचणी सकाळच्या पहिल्या लघवीने करावी आणि त्याआधी भरपूर पाणी पिऊ नये, कारण लघवी पातळ झाली की संप्रेरकही विरळ होते. पट्टी वेष्टनावर लिहिलेल्या वेळेतच वाचावी. दुसरी रेघ वेळेत उमटली असेल, तर ती फिकट असली तरी पॉझिटिव्हच धरावी. मात्र पट्टी वाळल्यावर तासाभराने दिसणाऱ्या करड्या रेघेवर विश्वास ठेवू नये. गर्भनिरोधक गोळ्या किंवा नेहमीची प्रतिजैविके यांनी निकाल बदलत नाही. एचसीजीचे इंजेक्शन किंवा नुकताच झालेला गर्भपात यांनी तो बदलू शकतो.

४० व्या दिवशीही निगेटिव्ह आली, तर गर्भ राहिलेला नाही असे बऱ्याच खात्रीने म्हणता येईल. त्यानंतरही पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवा, विशेषतः तीन महिने लोटले तर नक्कीच. थायरॉईड, वाढलेले प्रोलॅक्टिन (दूध तयार होण्याशी संबंधित संप्रेरक) किंवा पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांचा विकार) यांची तपासणी तेव्हा होते. मात्र पोटात एका बाजूला तीव्र दुखणे, रक्तस्राव, भोवळ किंवा खांद्याच्या टोकाशी वेदना जाणवली, तर दिवस मोजत बसू नका. गर्भ गर्भनलिकेत रुजल्याची ती लक्षणे असू शकतात आणि तेव्हा त्याच क्षणी रुग्णालय गाठावे लागते.

मूल हवे आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही आणि ते मला सांगण्याची गरजही नाही. हवे असेल, तर रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आजपासूनच सुरू करता येईल, आणि कोणतेही औषध घेण्यापूर्वी गर्भ राहिला असण्याची शक्यता डॉक्टरांच्या कानावर घाला. नको असेल, तर निकाल कळताच डॉक्टरांकडे जा, कारण गर्भाचे आठवडे संबंधाच्या दिवसापासून नव्हे, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि ४० व्या दिवशी तुमचे सुमारे साडेपाच आठवडे झालेले असतील. ती पहिल्या दिवसाची तारीख आजच कुठेतरी लिहून ठेवा.