वाचकांचे प्रश्न : गिटारची केबल मानेशीच का तुटते?

या महिन्याच्या टपालात इलेक्ट्रिक गिटारच्या केबलीविषयी बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. वाद्यदुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या तक्रारींत ‘गिटार बिघडली’ म्हणून आलेली गिटार ठणठणीत आणि दोष केबलीत, असा प्रकार इतक्या वेळा घडतो की हा विषय सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटले.

प्रश्न : दीड वर्षात माझ्या तीन केबली गेल्या. चार-सहा महिन्यांत खरखर सुरू होते, पिन हलवली की आवाज येतो आणि जातो. माझे काही चुकते आहे का? नवी केबल घेताना काय पाहावे?
*— महाविद्यालयीन विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली*

उत्तर : आपल्या तीनही केबली टाकून दिल्या नसतील, तर त्या आधी बाहेर काढा. केबल मधोमध क्वचितच तुटते. ती तुटते पिनेच्या मानेशी, म्हणजे लवचिक तार जेथे धातूच्या कडक भागात शिरते त्या दोन-तीन सेंटीमीटरांत. गिटार वाजवताना होणारी प्रत्येक हालचाल, केबलीवर पडलेला प्रत्येक पाय आणि पिन काढण्याऐवजी तार धरून दिलेला प्रत्येक हिसका त्या एकाच जागी येऊन थांबतो. आतील तांब्याचे केसासारखे बारीक धागे एकेक करून तुटत जातात, आणि शेवटचे दोन-चार धागे उरले की आपण म्हणता ती खरखर सुरू होते.

म्हणूनच नवी केबल घेताना मी पहिला प्रश्न विचारतो तो नावाचा किंवा किमतीचा नसून, ‘पिन उघडता येते का?’ हा असतो. गिटारच्या पाव इंची पिनेला, म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या पिनेला, आपल्याकडील दुकानांत ‘पी-३८ मोनो’ म्हणतात. तिचे टोपण आटे फिरवून निघत असेल, तर मानेशी तुटलेली केबल पाच सेंटीमीटर कापून पुन्हा सोल्डर करता येते आणि आणखी कित्येक वर्षे चालते. प्लॅस्टिक ओतून बंद केलेल्या पिनेत दुरुस्तीला जागाच नसते. तेथे पिन कापून नवी बसवावी लागते. टोपण उघडून आत पाहा : तार केवळ सोल्डरवर लोंबत असू नये, तर धातूच्या चिमट्याने किंवा प्लॅस्टिकच्या पकडीने बाहेरील आवरणासकट घट्ट धरलेली असावी. ताण या पकडीने घ्यायचा असतो, सोल्डरने नव्हे.

दुसरी गोष्ट शिल्डिंगची. गिटारच्या केबलीत मधली एक तार आवाज वाहून नेते आणि तिच्याभोवतीचे तांब्याचे कवच बाहेरचा विद्युत गोंगाट अडवून परतीची वाटही पुरवते. हे कवच विणलेल्या जाळीचे असेल तर ते मजबूत असते. नुसते एका दिशेने गुंडाळलेल्या तारांचे कवच अधिक लवचिक असते, पण सतत पीळ बसला तर त्यात फटी पडतात. पातळ ॲल्युमिनियमच्या वर्खाचे कवच एका जागी कायम राहणाऱ्या केबलीला ठीक आहे. पायाखाली येणाऱ्या केबलीला ते शोभत नाही, कारण वर्ख वाकून वाकून चिरतो. चांगल्या केबलीत जाळीच्या आत काळ्या, वीजवाहक प्लॅस्टिकचा एक पातळ थरही असतो. केबल हलली किंवा तिच्यावर पाय पडला की घर्षणाने जो ‘ठप्प’ असा आवाज होतो, तो हा थर शोषून घेतो.

सोन्याचा मुलामा हवाच असे नाही. तो गंजत नाही हे खरे, पण तो फार पातळ असतो आणि रोज काढ-घाल केल्यास झिजतो. निकेलची पिन अधिक टणक असते; घामाचा थर बसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसली की पुरे. पिनेचा आकार मात्र गिटार पाहून ठरवा. सॉकेट गिटारच्या कडेला असेल तर काटकोनी पिन चांगली, कारण मान कमी वाकते. स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारच्या खोलगट, नावेच्या आकाराच्या सॉकेटमध्ये काटकोनी पिन नीट बसत नाही. तेथे सरळ पिनच घ्यावी.

आणि एक सवय आजच लावून घ्या : केबल गिटारच्या पट्ट्याखालून एक वळसा देऊन मगच सॉकेटमध्ये घाला. चुकून कोणाचा पाय पडला तरी हिसका पट्टा घेतो, पिन नव्हे. माझ्या स्वतःच्या केबलीचे आयुष्य वाढवण्यात इतर कशाहीपेक्षा या एका सवयीचा वाटा मोठा आहे.

प्रश्न : कार्यक्रमात मोकळेपणाने फिरता यावे म्हणून मी बारा मीटरची केबल घेतली. तेव्हापासून गिटारचा आवाज मंद, पांघरूण घातल्यासारखा वाटतो. हा माझ्या मनाचा खेळ आहे का?
*— वाचक, मिरज*

उत्तर : मुळीच नाही. ज्या गावच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि जेथे जवारी लावताना कारागीर घोडीचा पृष्ठभाग अंशाअंशाने घासून स्वरांतले उपस्वर जागे करतात, त्या गावच्या कानाला हा फरक कळणारच.

कारण असे. मधली तार आणि भोवतीचे कवच मिळून एक लांबच लांब कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, तयार होतो. सर्वसाधारण केबलीत दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड एवढी साठवणक्षमता धरा. गिटारच्या साध्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागात, हजारो वेढ्यांचे वेटोळे असते. या वेटोळ्याचे इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण; एकक हेन्री) आणि केबलीची क्षमता मिळून एका विशिष्ट कंपनसंख्येवर आवाज उठावदार करतात आणि तिच्या वरचे स्वर झपाट्याने कापून टाकतात. अडीच हेन्रीचे पिकअप आणि त्याची स्वतःची सुमारे १२० पिकोफॅरड क्षमता धरून हिशेब केला, तर तीन मीटरच्या केबलीला हा उठाव सुमारे ४९०० हर्ट्झवर येतो, सहा मीटरला सुमारे ३७५० वर आणि बारा मीटरला २८०० च्या आसपास घसरतो. गिटारची चमक ज्या पट्टीत असते ती पट्टीच अशी खाली सरकते.

घरी तीन मीटर आणि मंचावर सहा मीटर पुरेसे आहेत. त्याहून लांब जावे लागत असेल, तर आखूड केबलीने गिटार आधी एखाद्या बफर (संकेत लांब केबलीतून नेण्याइतका सक्षम करणारे छोटे सर्किट) असलेल्या पेडलला जोडा आणि पुढची लांब केबल तेथून न्या. बफरपुढील केबलीचा हा परिणाम जवळपास नाहीसा होतो. ज्या गिटारमध्ये बॅटरीवर चालणारे पिकअप असते, तिला हा त्रास फारसा होत नाही. उलट काही वादकांना लांब केबलीचा मऊ आवाजच आवडतो. तसे असेल तर आपली केबल बदलण्याचे कारण नाही.

प्रश्न : स्पीकरची उरलेली वायर आणून तिला पिना लावल्या तर गिटारला चालेल का?
*— वाचक, तासगाव*

उत्तर : चालणार नाही. स्पीकरच्या वायरीला कवच नसते, त्यामुळे ती आसपासच्या विजेची घरघर ओढून घेते. याच्या उलटही करू नये : ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत गिटारची केबल लावली, तर तिची बारीक तार तेथील मोठ्या प्रवाहाने तापते आणि ॲम्प्लिफायरला इजा होऊ शकते. दोन्हींना एकच पी-३८ पिन लागते म्हणून हा घोळ होतो. दोन्ही केबलींना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावून ठेवा.

प्रश्न : आम्ही यात्रा-जत्रांमध्ये बेंजो आणि गिटार वाजवतो. रात्री उशिरा सामान आवरताना केबली कोपर आणि पंजाभोवती गुंडाळतो. त्याने नुकसान होते का? आणि घरघर आली की एक सहकारी ॲम्प्लिफायरच्या प्लगची मोठी पिन काढून टाकतो, हे योग्य आहे का?
*— ऑर्केस्ट्रातील वादक, कराड तालुका*

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण तो जिवाशी निगडित आहे. ती मोठी पिन अर्थिंगची आहे. ती कधीही काढू नये. गिटारच्या तारा केबलीच्या कवचामार्फत ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. ॲम्प्लिफायरमध्ये दोष निर्माण झाला आणि अर्थिंग नसले, तर वीज थेट वादकाच्या बोटांपर्यंत येते, आणि तोच वादक गाण्यासाठी मायक्रोफोनला ओठ लावतो तेव्हा तिला जमिनीकडे जाण्याची वाट मिळते. मंडपात जनरेटर असेल तर वीजतंत्रीला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, मगच वाद्ये जोडा.

घरघर कोठून येते हे शोधण्याची साधी रीत अशी : गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. घरघर थांबली तर ती पिकअपमध्ये शिरत आहे. जागा किंवा दिशा बदलून पाहा, ट्यूबलाइट आणि ट्रान्स्फॉर्मरपासून दूर व्हा. थांबली नाही तर केबलीचे कवच तुटलेले असू शकते. दुसरी केबल लावून खात्री करा. तरीही घरघर राहिली तर ॲम्प्लिफायर आणि अर्थिंग तपासा.

आता गुंडाळण्याविषयी. कोपराभोवती घेतलेल्या प्रत्येक वेढ्याबरोबर केबलीला एक पीळ बसतो, आणि सारे वेढे एकाच दिशेचे असल्यामुळे तो साठत जाऊन आतील कवच विस्कटतो. केबल हातात धरून सुमारे ३० सेंटीमीटर व्यासाचे सैल वेढे घ्या; एक वेढा सरळ, तर पुढचा मनगट उलट फिरवून आतून, असे आलटून-पालटून. पहिल्या दोन दिवसांत हात अडखळेल, नंतर डोळे मिटून जमेल, आणि पुढच्या गावी केबल एका टोकाला धरून फेकली की गाठ न पडता उलगडेल. वेढे केबलीच्याच टोकाने आवळू नका; वेल्क्रोची पट्टी बांधा.

प्रश्न : २०१९ च्या महापुरात भिजलेल्या काही केबली माळ्यावर आहेत. वरून चांगल्या दिसतात. वापरता येतील का?
*— वाचक, गावभाग, सांगली*

उत्तर : वरून पाहून काही सांगता येत नाही. पुराचे गढूळ पाणी पिनेतून आत शिरते आणि जाळीच्या धाग्यांमधून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, पुढे सरकत जाते. केबलीचे एक टोक पाच-सहा सेंटीमीटर कापा आणि तांबे पाहा. काळे किंवा हिरवट असेल तर आणखी कापत चला. एखाद-दोन फुटांत लखलखीत तांबे लागले, तर दुसऱ्या टोकाशीही हेच करून उरलेली केबल नव्या पिना लावून वापरता येईल. तांबे सर्वत्र काळवंडलेले असेल तर ती केबल सोडून द्या. काळी तार सोल्डर धरत नाही.

सोल्डर करताना टोपण आणि आतील नळी तारेवर आधी ओवून घ्या. हे विसरल्याने सारे काम पुन्हा करावे लागते. काळ्या वीजवाहक प्लॅस्टिकचा थर असेल तर तो मधल्या तारेवरून नीट मागे सोलून काढा. तो उघड्या तारेला टेकला तर आवाज गळतो, आणि दोष वरून दिसत नसल्यामुळे माणूस उगाच गिटार उघडत बसतो. मधली तार टोकाच्या पत्रीला आणि जाळी मोठ्या पत्रीला जोडा. साठ-चाळीसचे (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसे) रोझिन असलेले सोल्डर आणि २५ ते ४० वॅटचे सोल्डरिंग आयर्न पुरे. मात्र आयर्न फार वेळ टेकवू नका, आतील प्लॅस्टिक वितळते. मग मल्टिमीटर (वीजमापक) बीपवर, म्हणजे जोड सलग असल्यास आवाज देणाऱ्या खुणेवर, ठेवून दोन्ही पिनांची टोके एकमेकांशी, आणि दोन्ही पिनांचे दांडे एकमेकांशी जोडून पाहा : दोन्ही वेळा बीप यायला हवा. टोक आणि दांडा यांच्यामध्ये बीप येता कामा नये. ही तपासणी चालू असताना दोन्ही माना हळूहळू वाकवा. बीप मध्येच तुटला, तर त्या टोकाचे सोल्डर पुन्हा करावे लागेल.