दूरच्या ऑब्जेक्टला हाक मारताना
जिनिंगच्या वजनकाट्यावरील नोंदी आपण जावाच्या आरएमआयने (दुसऱ्या संगणकावरील ऑब्जेक्टची मेथड बोलावण्याच्या सोयीने) दुसऱ्या संगणकावर मागवणार आहात, तेव्हा हे ध्यानात घ्यावे की स्टबवरची (दूरच्या ऑब्जेक्टच्या आपल्याकडील प्रतिनिधीवरची) मेथड घरची वाटली तरी हाक नेटवर्कवरून जाते, आणि आपल्या यवतमाळकडच्या खेड्यांत विजेचा नेम नसल्याने रिमोटएक्सेप्शन (दूरची हाक फसल्याची सूचना) रिकाम्या कॅचमध्ये, म्हणजे त्यावर काहीच न करता, गिळणे महागात पडते. उत्तर आले नाही म्हणजे काम झालेच नाही, असे नव्हे. म्हणून प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि सर्व्हरने तो तपासावा, म्हणजे तोच कापूस दोनदा मोजला जाणार नाही. १०९९ पोर्टवरची रजिस्ट्री (नावावरून स्टब मिळवून देणारी नोंदवही) सापडूनही पुढची जोडणी नाकारली गेली, तर स्टबमध्ये बहुधा १२७.०.०.१ हा, म्हणजे प्रत्येक संगणकाचा स्वतःकडेच बोट दाखवणारा, पत्ता गेलेला असतो (माझे दोन दिवस यातच गेले). सर्व्हर सुरू करतानाच ‘जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम’ या सेटिंगमध्ये खरा पत्ता द्यावा.